गाठींवर बसलेली बाई

आमचे शेजारी भुजंगराव वाकळे भाकरीसुद्धा कडेनं धरायचे. अंगठा आणि मधलं बोट, बाकीची बोटं हवेत, भाकरीच्या पोटाला हात म्हणून लागायचा नाही. चहाची बशी तशीच, लग्नाची पत्रिका तशीच. प्रसादाचा पेढा तर असा धरायचे, की देणाऱ्याला वाटावं, ह्यांना तो नकोच आहे. आमच्या घरी धाकटा जन्मला तेव्हा ते बाळ बघायला आले. आमच्या हिनं कौतुकानं बाळ पुढं केलं. भुजंगरावांनी दोन्ही हातांची चिमटी पुढं केली, बाळाकडे वरून खालून पाहिलं आणि चिमट्या मागं घेतल्या. "याला कड नाही, वहिनी," असं म्हणाले आणि लांबूनच हसले.

ह्या सवयीमागं कारण होतं. भुजंगरावांना अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरांचा नाद होता. एकोणिसाव्या शतकातले, तेही अस्सल, तेही न घासलेले. औरंगाबादेत नादिष्ट माणसांना कधी तोटा नव्हता. कुणाला पतंगांचा नाद, कुणाला कबुतरांचा, कुणाला कव्वालीचा. पण गुलमंडीच्या मागच्या गल्लीत राहणारा मोजणी खात्यातला एक माणूस अमेरिकेचे डॉलर जमवतो, ही गोष्ट आमच्या पाहुण्यांना शेवटपर्यंत खरी वाटली नाही.

"बोटाला घाम असतो, मास्तर," ते मला सांगायचे. मी शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळं अमेरिकेबद्दलचं सगळं त्यांनी मलाच सांगायचं, असं ठरून गेलं होतं. "घामात खार असतो. खार चांदीला खातो. मुद्दे की बात काय, तर कडेनं धरा."

निजामाच्या राज्यात ते उर्दूतून शिकले होते. त्यामुळं ते आकडेमोड उर्दूत करायचे, भांडायचे दखनीत आणि जेवायचे मराठीत. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, पुढं त्याचा हाली सिक्काही चलनातून गेला. लोक गाडग्यामडक्यांत ठेवलेली चांदीची नाणी घेऊन सराफ्यात यायला लागले आणि सोनार ती मुशीत घालून वितळवायला लागले. भुजंगराव तेव्हा तरुण होते, नोकरीला नुकते लागलेले. पगार खिशात घालून सराफ्यातून चालले असताना एका भट्टीशेजारच्या परातीत त्यांना चारमिनारवाल्या रुपयांच्या गर्दीत एक भलतंच नाणं दिसलं. आकारानं मोठं, वर एका बाईचं तोंड.

"ये क्या है?" त्यांनी विचारलं.

"होगा किसी मेमसाब का," सोनार म्हणाला. "गलने दो."

भुजंगरावांनी ते गळू दिलं नाही. त्या महिन्याचा पगार सराफ्यातच राहिला. ते सांगायचे, महिनाभर शेंद्र्याहून आईनं पाठवलेल्या ज्वारीवर काढलं, पण मेमसाब वाचली.

पुढं मी त्यांना विचारलं होतं, की जमवायचीच तर निजामाची नाणी जमवा, मोगलांची जमवा, इथं पैशाला पासरी मिळतात. अमेरिकेचीच का? त्यावर ते थोडे रागावले. "आपल्या नाण्यांना घर आहे, मास्तर. हा गडी सात समुद्र ओलांडून आला. याला इथं विचारणारं कोन आहे?"

डॉलरांसाठी त्यांनी सुताराकडून सागाची एक पेटी करून घेतली होती. आत फळ्या, फळ्यांत गोल खाचा. खाचेला ते 'घर' म्हणायचे. एकेका घरात एकेक डॉलर. दिवाळीच्या आधी एकदा आमची ही प्रेमानं म्हणाली, की भाऊजी, द्या इकडं, आमच्या समयांबरोबर तेही चिंच लावून लख्ख करून देते. भुजंगराव पेटी पोटाशी धरून असे पळाले, की जाताना एक चप्पल आमच्याच दारात राहिली. दिवाळी उलटून जाईपर्यंत ते आमच्याकडे फिरकले नाहीत. घासलेलं नाणं म्हणजे त्यांच्या लेखी सोललेला माणूस.

पेटीतली सगळी घरं भरलेली होती. एक सोडून. मधल्या फळीतलं मधलं घर रिकामं होतं आणि ते कुणासाठी आहे, हे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ होतं. अमेरिकेनं चीनशी व्यापार करायला एक खास डॉलर पाडला होता. त्याच्या एका बाजूला मालाच्या गाठींवर बसलेली बाई, पुढं केलेल्या हातात डहाळी, पाठीमागं गव्हाची पेंढी. दुसऱ्या बाजूला गरुड आणि त्याच्याखाली वजन लिहिलेलं, चारशे वीस ग्रेन. भुजंगरावांचं म्हणणं असं, की हे डॉलर चीनमधून मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे आले, बरेचसे वितळले आणि त्यातले चुकलेमाकलेले आपल्या खेड्यांत बायकांच्या गळ्यात जाऊन बसले.

आता गळ्यातली वस्तू शोधायची म्हणजे गळ्याकडं बघावं लागतं. भुजंगराव मोजणीला गावोगाव जायचे आणि जिथं तिथं बायकांच्या रुपयांच्या माळा निरखायचे. चेहऱ्याकडं त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही, पण लोकांना हा बारकावा कसा समजावा? वेरूळजवळच्या एका गावात त्यांनी एका बाईची माळ नीट दिसेना म्हणून खिशातून भिंग काढलं. तिच्या दिरानं जू उपसलं. पोलीस पाटलानं मध्ये पडून त्यांना वाचवलं, तर त्या धांदलीतही हे पाटलाला सांगत होते, "सगळे बादशाहचे आहेत, पाटील. एकही अमेरिकन नाही."

आणि मग एके वर्षी ते देवगाव रंगारीहून परत आले ते निराळेच दिसत होते. पायातल्या धुळीसकट आमच्या ओसरीवर येऊन बसले. पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत.

"ती आहे," ते म्हणाले.

देवगावच्या शिवाराला एक धनगरांची वस्ती होती. तिथं ठकूबाई नावाची म्हातारी. मोजणीत ऊन लागलं म्हणून भुजंगराव तिच्या दारात टेकले. आत देवळीपुढं तिची पूजा चालली होती. चांदीच्या टाकांवरचे देव तिनं एकेक करून कच्च्या लोकरीच्या पिशवीतून बाहेर काढले आणि भंडाऱ्यात ठेवले. त्यांत सगळ्यात मोठा टाक होता, तो टाक नव्हताच. गाठींवर बसलेली बाई होती ती.

ठकूबाईच्या लेखी मात्र ती बाणाई होती. खंडोबाची बायको, धनगराची लेक. बघा की, लोकरीच्या गाठोड्यावर बसली आहे, हातात मेंढरांना टाकायचा पाला आहे. आणखी काय पुरावा पाहिजे? चीनमधल्या कुठल्याशा व्यापाऱ्यानं चांदी पारखताना बाईच्या दंडाशी आपला बारीक शिक्का ठोकला होता, ते ठकूबाईच्या मते बाणाईचं गोंदण होतं. तिच्या आजेसासूपासून ही बाणाई त्या घरात होती. गळ्यात घातली नव्हती, कडी डागली नव्हती, राखेनं घासली नव्हती. नुसती लोकरीत झोपवलेली. त्या लोकरीनं चांदीवर निळा, जांभळा आणि कडेला सोनेरी असा रंग चढला होता.

त्यांनी नाणं बघायला मागितलं. तिनं पुढं केलं. त्यांनी चिमटी पुढं केली.

"आरं मोजनीवाल्या," ठकूबाई म्हणाली, "देवाला असं चिमटीत धरत्यात व्हय? इच्चू हाय का त्यो?"

त्या दिवशी भुजंगरावांची मोजणीची साखळी चुकली. नोकरीत एवढ्या एकाच वेळी त्यांनी कुणाचं तरी शेत बांधासकट भलतीकडं मोजलं.

"मग मागितलंत का?" मी विचारलं.

"देव मागतात का, मास्तर?"

तिथून पुढं देवगाव रंगारीच्या जमिनीचं भाग्य उजळलं. दर मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या सुमाराला भुजंगरावांना तिथं हटकून काहीतरी मोजायचं निघायचं. एकदा मोजलेली जमीन परत मोजायची, परत मोजलेली ताडून बघायची. त्यांचे साहेब म्हणायचे, त्या गावातलं ढेकूळसुद्धा आता आपल्याला ओळखत असेल. जाताना ते ठकूबाईसाठी गूळ न्यायचे, एकदा नवी घोंगडी नेली, एकदा तिच्या डोळ्यांचं औषध. मी मनात म्हणायचो, गडी चिकाटीचा आहे, म्हातारीला वितळवल्याशिवाय राहत नाही.

आमच्या शहरात तेव्हा नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. अध्यक्ष सेलूकर वकील. वकिलांचा संग्रह मोठा, आवाज त्याहून मोठा. भुजंगरावांना ते खालच्या पाटावर बसवायचे, कारण भुजंगराव कधी विकत नव्हते आणि बदलतही नव्हते. मंडळाच्या एका बैठकीला मीही भुजंगरावांबरोबर गेलो होतो, तिथं वकील म्हणाले, की गाठींवरच्या बाईचा डॉलर अख्ख्या मराठवाड्यात नाही, असता तर आपल्याकडं असता.

"आहे," भुजंगराव म्हणाले. "आपल्याच जिल्ह्यात आहे. मी पाहिला."

"कुणाकडं?"

भुजंगरावांनी सांगितलं. धनगराच्या देव्हाऱ्यात अमेरिकन डॉलर, त्याचं नाव बाणाई, आणि रंग मोराच्या मानेसारखा. सगळे हसले. वकील हसले नाहीत, त्यांनी चष्मा काढला. "वाकळे, ते चारशे वीस नाण्यावर लिहिलंय की तुमच्यावर?"

हे भुजंगरावांना लागलं. त्यांनी समोरचा चहाचा पेला उचलला तो सबंध पंजात. हात पोळला तरी त्यांना ते कळलं नाही. रस्त्यानं येताना ते एकच वाक्य म्हणाले. "पेटी रिकामी राहिली तर चालंल, मास्तर. पण तिला खोटी म्हनले."

मंडळाचं प्रदर्शन जवळ आलं होतं. एका शाळेच्या सभागृहात टेबलं लागणार होती आणि मुंबईहून एक वयस्कर पारशी गृहस्थ परीक्षक म्हणून येणार होते. मी भुजंगरावांना म्हटलं, की ठकूबाईकडून दोन दिवसांसाठी नाणं मागून आणा.

"देव एकटा प्रवास करत नाही," ते म्हणाले आणि देवगावच्या एसटीत बसले.

प्रदर्शनाच्या दिवशी भुजंगराव अजून देवगावहून परतले नव्हते, म्हणून त्यांचं टेबल मांडून मीच सकाळपासून बसलो होतो. वकिलांचं टेबल दाराशी, निळी मखमल, वर काच. भुजंगरावांचं टेबल पार मागं, खिडकीपाशी. त्यावर सागाची पेटी, मधल्या फळीत रिकामं घर. पारशीबुवा पांढऱ्या शुभ्र कोटात टेबलामागून टेबल बघत येत होते. वकील त्यांना भुजंगरावांच्या टेबलावरून पुढं नेत म्हणाले, "हे आमच्या वाकळ्यांचं टेबल. त्यांचं मुख्य नाणं अजून स्वर्गात आहे."

तेवढ्यात रस्त्यावरून ढोल ऐकू आला.

आधी वाटलं वरात आहे. मग तो ढोल शाळेच्या फाटकातून आत आला, पायऱ्या चढला आणि सभागृहात शिरला. पुढं दोन पागोटेवाले ढोल-झांज वाजवत, त्यांच्यामागं सात-आठ माणसं खांद्यावर घोंगड्या टाकून, आणि मध्ये वाकलेली, काळीसावळी ठकूबाई. गळ्यात लोकरीची पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. सगळ्यात मागं भुजंगराव, एसटीच्या धुळीनं भरलेले. चेहरा असा, की मुलीकडची मंडळी म्हणून आले असावेत.

वकील पुढं झाले. बाणाईसाठी त्यांनी मोठ्या मनानं मखमलीवर जागा केली.

"देव मखमालीवर बसत नाय," ठकूबाई म्हणाली. "घोंगडं आंथरा."

घोंगडं अंथरलं. वर भंडारा पसरला. पिशवीतून बाणाई निघाली आणि भंडाऱ्यावर बसली. खिडकीतून ऊन येत होतं. मी नाण्यांतला अडाणी माणूस, पण तो निळा-जांभळा रंग हळदीवर असा उजळला, की मलाही हात जोडावेसे वाटले. कुणीतरी "येळकोट येळकोट" म्हणालं, बाकीच्यांनी "जय मल्हार" म्हणून भंडारा उधळला. सभागृह पिवळं झालं. पारशीबुवांचा कोट पिवळा झाला. वकिलांच्या टकलावर तर असा काही मळवट बसला, की जणू नवसच फेडायला आले असावेत.

पारशीबुवांना कोटाचं काही वाटलं नाही. ते भिंग घेऊन वाकले ते वाकलेलेच राहिले. बऱ्याच वेळानं उठले तेव्हा डोळे पुसत होते, आणि ते भंडाऱ्यानं नव्हे.

"असा रंग मी माझी आख्खी जिंदगी नाय पाहिला," ते म्हणाले. "हे नाणं अस्सल आहे. ही स्वातंत्र्याची देवी, अमेरिकेची."

"काय म्हनतो ह्यो बाबा?" ठकूबाईनं विचारलं.

"म्हनतात, देवी लई लांबून आली," भुजंगराव म्हणाले.

"ते खरंच हाय. आमची बानाई लांबचीच."

पारशीबुवांनी हळूच विचारलं, की काय घ्याल. ठकूबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "तुमची माय काय भावानं दिली होती?" पारशीबुवांनी दोन्ही कानांना हात लावले आणि तिच्या पाया पडले.

पहिलं बक्षीस कुणाला, हा प्रश्नच राहिला नाही. पण वकिलांनी नियम काढला, की बक्षीस मालकालाच मिळतं आणि वाकळे मालक नाहीत.

"मग मालकाचं नाव लिहा," पारशीबुवा म्हणाले.

"मालक कोण?" वकिलांनी ठकूबाईला विचारलं.

"देवाला मालक असतो व्हय? तीच तिची मालक."

वकिलांचं अक्षर सुंदर, म्हणून प्रशस्तिपत्रकं त्यांनीच लिहायची असा मंडळाचा रिवाज होता. सगळ्यांच्या देखत त्यांनी लिहिलं : प्रथम पारितोषिक, श्रीमती बाणाई, मुक्काम देवगाव रंगारी. भुजंगरावांनी ते कडेनं धरलं, वाचलं, परत वाचलं, आणि ठकूबाईच्या पिशवीत घातलं. मग वकिलांसमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता चारशे विसाचा हिशेब चुकता होणार. पण ते एवढंच म्हणाले, "वकीलसाहेब, कपाळाला शोभतंय." आणि ढोल परत सुरू झाला.

संध्याकाळच्या एसटीला आम्ही त्या सगळ्यांना पोचवायला गेलो. भुजंगराव गाडी कुठल्या फलाटाला लागते ते विचारायला गेले. ठकूबाई माझ्याशेजारी बाकड्यावर बसली होती.

"मास्तर," ती म्हणाली, "ह्या तुमच्या मानसाचं डोस्कं ठिकानावर हाय ना?"

"का हो आजी?"

"म्या याला कवाच म्हनलं, ने बाबा बानाईला तुझ्या घरी. माझ्यामागं सून तिचे पैंजन करंल. तुझ्याकडं जीव लावून ऱ्हाईल. फुकट ने, देवाचं काय पैसं घ्यायचं नसत्यात. तर ह्यो म्हनतो, आज मंगळवार हाय. फुडल्या वर्साला म्हनला, मूळ नक्षत्र हाय. औंदा म्हनला, शनवार हाय. कामून करतो असं? मोजनीवाला हाय का जोशी हाय?"

भुजंगरावांच्या घरात पंचांग म्हणून कधी नव्हतं. अमावस्येला नवं घर बघायला जाणारा हा माणूस. लग्न केलं नव्हतं, शेंद्र्याची आई जाऊनही पुष्कळ वर्षं झाली होती आणि दिवाळीला त्यांच्या दाराला आतून कडी असायची. मला त्या पेटीतलं रिकामं घर आठवलं. ते भरलं असतं, तर चंपाषष्ठीला देवगावच्या एसटीत बसायला त्यांना काय निमित्त उरलं असतं? मी इतकी वर्षं समजत होतो, की हा माणूस म्हातारीला वितळवतो आहे. मला त्या गजबजाटात त्यांची फार माया आली.

गाडी लागली. ठकूबाईला पदर खोचून गाठोडं उचलायचं होतं. तिनं गळ्यातली पिशवी सोडली, आतून बाणाई काढली आणि भुजंगरावांपुढं धरली. "धर जरा."

भुजंगरावांची चिमटी पुढं झाली.

"आरं, मुठीत धर रे लेकरा. पडंल."

तिनं त्यांचा पंजा उघडला, त्यात नाणं ठेवलं आणि एकेक करून त्यांची बोटं मिटवली. भुजंगराव तसेच उभे राहिले. मूठ छातीशी, डोळे गाडीच्या पाटीवर. ठकूबाईनं गाठोडं चढवलं, पोरांना हाका मारल्या, मग हात पुढं केला. त्यांनी मूठ उघडली, बाणाई परत पिशवीत गेली.

"चंपाषष्ठीला येशील नव्हं? वांग्याचं भरीत करते," खिडकीतून ती म्हणाली.

"बघू. मोजणी निघाली तर," भुजंगराव म्हणाले. त्यांना निवृत्त होऊन तेव्हा काही महिने झाले होते.

गाडी गेली. आम्ही स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेतला. त्यांनी पेला डाव्या हातानं कडेनं उचलला. उजवी मूठ मिटलेलीच होती आणि बोटांच्या फटींतून भंडारा दिसत होता.

"मास्तर," पेल्यात बघत ते म्हणाले, "तुमच्याकडं पंचांग असेल. येत्या चंपाषष्ठीला देव घरी आणायला मुहूर्त कसा आहे?"

"चांगला नाही," मी म्हणालो.

ते लहान पोरासारखे हसले. "मग राहू द्या," म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."